गाठ जावी, बुद्धी राहावी

मेंदूत गाठ आहे असे कळले की घरातील माणसांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, "जीव वाचेल ना?" तो स्वाभाविकच आहे. पण रुग्ण आठ-दहा वर्षांचे मूल असेल, तर आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो पुढे पन्नास-साठ वर्षे सोबत करणारा असतो. हे मूल पूर्वीसारखे गणित सोडवील का? वाचलेले लक्षात ठेवील का? त्याची उंची वाढेल का?

या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा डॉ. राकेश जलाली या किरणोपचारतज्ज्ञांनी केला. लंडनच्या रॉयल मार्सडन रुग्णालयात काम केल्यानंतर ते मुंबईला परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात आले. तेथे २००१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह एक प्रयोग सुरू केला. त्याचे निष्कर्ष 'जामा ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात छापून यायला २०१७ साल उजाडले. एका प्रश्नासाठी सोळा वर्षे का लागली, हे समजून घ्यायचे तर थोडे भौतिकशास्त्र पाहावे लागेल. विद्यार्थी मित्रहो, त्यातले बहुतेक तुमच्या ओळखीचेच आहे.

किरण गाठीला कसे मारतात?

मेंदूतील सावकाश वाढणारी गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढता आली तर उत्तमच. परंतु ती नाजूक जागी असेल तर काही भाग मागे ठेवावा लागतो. उरलेली गाठ वाढू लागली की बहुधा किरणोपचार द्यावे लागतात. यासाठी वापरतात ते क्ष-किरणच, पण हाड मोडल्यावर काढतात त्या फोटोतील किरणांपेक्षा कितीतरी भेदक. सुमारे ६० लाख व्होल्टच्या विभवांतराने मिळावी इतकी ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देऊन ते टंगस्टनच्या तुकड्यावर आदळवले की असे किरण निघतात.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली तर ती मात्रा एक ग्रे. जलालींच्या प्रयोगातील प्रत्येक रुग्णाला एकूण ५४ ग्रे मात्रा दिली गेली. आता एक गंमत पाहा. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. म्हणजे ५४ ज्यूलने ते वाढेल जेमतेम ०.०१३ अंश! चहाचा एक घोटसुद्धा अंगाला याहून अधिक उष्णता देतो. मग एवढ्याशा ऊर्जेने गाठ मरते कशी?

फुग्यावर तळहात टेकवून हलकेच दाबले तर फुगा फुटत नाही. तेवढ्याच जोराने टाचणी लावली की फुटतो. क्ष-किरणांचे तसेच आहे. त्यांची ऊर्जा उष्णतेसारखी सगळीकडे सारखी पसरत नाही. ती अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावते आणि पेशीच्या केंद्रकातील डीएनएचे धागे तोडते. धागे तुटलेली पेशी विभाजन करू शकत नाही आणि अखेर मरते.

निरोगी पेशींचे धागेही तुटतात, परंतु ते दुरुस्त करण्याची त्यांची शक्ती बहुधा गाठीच्या पेशींपेक्षा चांगली असते. या दुरुस्तीला वेळ मिळावा म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी देतात. रोज १.८ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. ३० वेळा मिळून ५४ ग्रे. रहिमतपुरासारख्या गावाहून परळला मूल घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिना-दीड महिना मुक्काम का करावा लागतो, याचे कारण या गणितात आहे.

अनेक वाटा, एक बाजार

गाठ डोक्यात खोलवर असते. किरण तिच्यापर्यंत पोहोचतात ते निरोगी मेंदूतून वाट काढत, आणि पलीकडे बाहेर पडतानाही निरोगी भागातूनच जातात. यावर उपाय काय? आमच्या रहिमतपूरच्या बाजाराच्या दिवशी कोरेगाव, सातारा, औंध, मसूर अशा चहूबाजूंच्या रस्त्यांनी माणसे येतात. कोणत्याही एका रस्त्यावर तुरळक माणसे दिसतात. दाटी होते ती बाजारात. किरणांचे झोतही तसेच निरनिराळ्या दिशांनी सोडायचे आणि गाठीत एकत्र आणायचे.

जुन्या पद्धतीत झोत थोडे असत, त्यांचा आकार साधारण चौकोनी असे, आणि नेम चुकू नये म्हणून गाठीभोवतीचा बराच भाग त्यात घ्यावा लागे. नव्या पद्धतीत डोके काढता-घालता येणाऱ्या चौकटीत रोज त्याच स्थितीत स्थिर करतात. आलेखाच्या कागदावर तुम्ही दोन निर्देशकांनी बिंदू दाखवता. येथे तीन निर्देशकांनी गाठीची जागा मिलिमीटरपर्यंत ठरवतात. प्रत्येक झोत गाठीच्या त्या बाजूच्या आकाराप्रमाणे कापून घेतात. गाठीला मात्रा तेवढीच, पण शेजाऱ्यांना त्रास कमी, असा हा हिशेब आहे.

कागदावर हिशेब चोख दिसतो. पण त्यामुळे मुलाची बुद्धी खरोखर टिकते का? अनेकांना तसे वाटत होते. वाटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. नवी पद्धत महाग होती, यंत्रे थोडी आणि रुग्ण पुष्कळ. तेव्हा नुसत्या वाटण्यावर विसंबून कसे चालेल?

शून्य-दोष आणि चिठ्ठ्या

व्हर्नियर कॅलिपर हाती घेतला की प्रथम त्याचा शून्य-दोष पाहायचा, हे तुम्हाला शिकवलेले असते. जलाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच केले. अनेक मुलांची आकलनशक्ती किरणोपचारांपूर्वीच, गाठीमुळे आणि शस्त्रक्रियेमुळे, कमी झालेली असते. ती आधी मोजली नाही तर सगळा दोष किरणांच्या माथी बसेल. म्हणून बुद्धिमापन आणि संप्रेरकांच्या चाचण्या उपचारांपूर्वी घेतल्या, मग सहा महिन्यांनी आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा घेतल्या. हे काम एकट्या डॉक्टरचे नव्हते. डॉ. तेजपाल गुप्ता, डॉ. जयंत गोडा, मानसशास्त्रज्ञ सविता गोस्वामी, अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉ. नलिनी शहा असे अनेकजण त्यात होते.

दुसरी दक्षता तुलनेची. कोणाला कोणती पद्धत द्यायची हे डॉक्टरांनी ठरवले असते, तर नकळत सोप्या गाठी एका बाजूला आणि अवघड दुसऱ्या बाजूला गेल्या असत्या. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाच्याही मर्जीवर न ठेवता, विभागणी केली. ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण घेतले. १०४ जणांना नवी पद्धत, ९६ जणांना जुनी. इतके रुग्ण मिळण्यास २०१२ साल आले. त्यानंतर शेवटच्या रुग्णाचीही काही वर्षे वाट पाहायची होती. मुलाच्या वाढीला घाई करता येत नाही, आणि म्हणून या प्रयोगालाही करता आली नाही.

निष्कर्ष काय निघाला?

नव्या पद्धतीच्या गटात पाच वर्षांत बुद्ध्यंक अधिक चांगला टिकला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीचे आणि तिच्यावर ताबा ठेवणाऱ्या भागाचे काम बिघडले की वाढ खुंटते. असे संप्रेरकांचे नवे बिघाड जुन्या पद्धतीत ५१ टक्के रुग्णांत, तर नव्या पद्धतीत ३१ टक्के रुग्णांत दिसून आले.

आता एक आकडा नीट वाचा. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण नव्या पद्धतीत ८६ टक्के आणि जुन्या पद्धतीत ९१ टक्के होते. मग नवी पद्धत वाईट का? नाही. एकच नाणे शंभर वेळा उडवून छाप मोजा आणि पुन्हा शंभर वेळा उडवा; एकदा ४७, एकदा ५२ असे सहज येईल. एवढ्या रुग्णसंख्येत पाच टक्क्यांचा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे संख्याशास्त्र सांगते. संप्रेरकांच्या बाबतीतला वीस टक्क्यांचा फरक मात्र योगायोगाचा मानता येत नव्हता. हा निष्कर्ष सावकाश वाढणाऱ्या गाठींपुरता आहे, हेही लक्षात ठेवावे.

याच मालिकेतील एका लहान अभ्यासात, २०१० साली, आणखी एक धागा मिळाला होता. २८ रुग्णांपैकी ज्यांच्या डाव्या कानशिलाआडच्या मेंदूच्या १३ टक्क्यांहून अधिक भागाला ४३.२ ग्रे किंवा जास्त मात्रा पोहोचली होती, त्यांचा बुद्ध्यंक लक्षणीय घसरला होता. कोणता शेजारी अधिक नाजूक, हे त्यातून दिसले.

पुढची पायरी

क्ष-किरण गाठ ओलांडून पुढे जातात. प्रोटॉनांचे तसे नाही. ते आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस सोडतात आणि तेथेच थांबतात. त्यामुळे पलीकडचा मेंदू जवळजवळ सुटतो. जलाली पुढे चेन्नईच्या अपोलो प्रोटॉन केंद्राचे वैद्यकीय संचालक झाले. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील प्रोटॉन यंत्रावर २०२३ साली उपचार सुरू झाले.

हे यंत्र क्ष-किरणांच्या यंत्रापेक्षा कितीतरी महाग आहे. तेव्हा किती मुलांचा, किती फायदा, हा प्रश्न त्यालाही विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर शोधणाऱ्यालाही आधी शून्य-दोष पाहावा लागेल, चिठ्ठ्या टाकाव्या लागतील आणि मुले मोठी होईपर्यंत थांबावे लागेल.