प्रकाशनपूर्व वर्गणीदार

ग्रंथ छापून झाल्यावर वाचक शोधावयाचा, ही आपली जुनी खोड. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी उलट मार्ग धरिला. १९२० च्या सुमारास निघू लागलेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांसाठी त्यांनी आधी नागपुरास मर्यादित कंपनी स्थापिली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले. विद्वानाने दारोदार फिरावे हे कित्येकांस रुचणार नाही. आम्हांस त्यात कमीपणा दिसत नाही. आगाऊ नोंदणीने किती प्रती छापाव्या हे कळते. मात्र नुसते जाहीरपत्रक पुरत नाही. विषयानुक्रम व एखादे प्रकरण वाचकाच्या हाती पडले पाहिजे.

आमच्या एका शिक्षकमित्रांचा स्थानिक इतिहास कोणास न कळविता छापला गेला. प्रती माळ्यावर आहेत. कर्ज निवृत्तिवेतनातून फिटत आहे. त्यांच्या दुसऱ्या ग्रंथाचे हस्तलिखित सिद्ध आहे. त्यातील एक प्रकरण येत्या बैठकीत आम्ही वाचणार आहो. नोंदवही तेथेच उघडी असेल.