गोचिडांवर औषध चालत नाही, म्हणजे नेमकं काय?

गोचिडांचे नमुने घ्यायला कुठल्याही गावात जा, गोठ्याच्या दारातच एक वाक्य ऐकायला मिळतं: "औषध मारतोय, पण गोचीड काही हटत नाही." पशुवैद्यक शास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात पीएचडी करायचं ठरवणाऱ्या अनेकांचा विषय याच वाक्यातून निघतो. मग सिनॉप्सिस लिहिताना त्याचं रूपांतर होतं: "सदर परिसरातील गोचिडांमध्ये कीटकनाशकांविरुद्ध रेझिस्टन्स निर्माण झाला आहे." वाचायला भारदस्त वाटतं. पण पहिलं वाक्य म्हणजे पशुपालकाला दिसलेली गोष्ट आहे आणि दुसरं म्हणजे तिची अनेक संभाव्य कारणांपैकी एक. तुमचं संशोधन या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी आहे.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही, कारण गोचीड मारणारे रासायनिक गट मुळात मोजकेच आहेत. सिंथेटिक पायरेथ्रॉइड्स (डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन), अमिट्राझ, ऑर्गॅनोफॉस्फेट्स, आयव्हरमेक्टिनचा गट आणि आणखी दोनचार. ऑस्ट्रेलियात आर्सेनिकच्या डुबकी-हौदांना न जुमानणाऱ्या गोचिडी १९३०च्या दशकातच दिसल्या होत्या. पुढे डीडीटी आलं, मग ऑर्गॅनोफॉस्फेट्स, मग पायरेथ्रॉइड्स, आणि प्रत्येकाचं थोड्याफार फरकाने तेच झालं. तुम्ही घाईने "डेल्टामेथ्रिन संपलं" असा निष्कर्ष दिलात, तर तालुक्यातले लोक पुढच्या औषधाकडे वळणार. चूक औषध मारण्याच्या पद्धतीत असेल, तर तेही त्याच चुकीने वाया जाणार. मधल्या काळात एखादी संकरित गाय गोचीड तापाने बसते, आणि कुणीतरी वैतागून पिकावरचं कीटकनाशक जनावराच्या अंगावर मारतं.

आधी गोचीड कोणती ते ठरवा

आपल्याकडे गाई-म्हशींवर प्रामुख्याने दोन प्रकार सापडतात: ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस आणि हायलोमा अनॅटोलिकम. हातातल्या भिंगाखाली बघा. हायलोमाचा तोंडाचा भाग लांब असतो आणि पायांवर फिकट कडी दिसतात. मायक्रोप्लसचं तोंड आखूड, पाय फिकट आणि एकरंगी. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करायचीच, पण गोठ्यात उभं असताना एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ काम होतं.

ओळख महत्त्वाची अशासाठी की दोघींचं आयुष्य वेगळं आहे. मायक्रोप्लस एकाच जनावरावर राहते. सहा पायांचा लार्वा गाईवर चढतो, तिथेच रक्त पिऊन कात टाकतो, निम्फ होतो, पुन्हा कात टाकून प्रौढ होतो, आणि रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली पडते. याला साधारण तीन आठवडे लागतात. खाली पडलेली मादी भेगेत, पालापाचोळ्यात किंवा शेणाच्या ढिगाच्या कडेला दोन-तीन हजार अंडी घालून मरते. हायलोमा मात्र आयुष्यात एकाहून अधिक वेळा जनावर बदलते, आणि तिची प्रौढ मादी बाहेरून येऊन आठवडा-दहा दिवसांत फुगून जाते.

आता तक्रारीकडे परत या. फवारणीनंतर सातव्या दिवशी गाईच्या जांघेत फुगलेल्या माद्या दिसल्या. त्या मायक्रोप्लस असतील, तर फवारणीच्या दिवशी त्या गाईवरच होत्या, कारण नव्याने चढलेला लार्वा सात दिवसांत फुगलेली मादी होऊच शकत नाही. म्हणजे त्या औषधातून वाचल्या. त्याच जागी मोहरीच्या दाण्याहून बारीक पिल्लं दिसली, तर ती बहुधा गोठ्यातून किंवा चराईच्या गवतातून नंतर चढली आहेत, आणि औषधाचा दोष असेलच असं नाही. पण फुगलेल्या माद्या हायलोमाच्या निघाल्या, तर सात दिवसांच्या हिशेबावर हा तर्क पक्का धरता येत नाही. एकच निरीक्षण, पण प्रजातीनुसार अर्थ बदलला. मला विचाराल तर सगळ्या प्रोजेक्टमधलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी मोजमाप हेच: फवारणीचा दिवस आणि त्यानंतर दिसलेल्या गोचिडांची अवस्था, दोन्ही तारखेसह लिहून ठेवणं.

वाचल्या, पण का वाचल्या?

इथे बाटली आणि पंप बघायला मागा. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के तीव्रतेचं असेल, तर १ मिलीमध्ये १२.५ मिलिग्रॅम औषध असतं. लिटरमागे २ मिली टाकलं की २५ पीपीएमचं द्रावण होतं. अमिट्राझ १२.५ टक्क्यांचं असतं, तेच २ मिली टाकलं की २५० पीपीएम. लेबलावरचा दशांश चिन्हाचा फरक गोठ्यातल्या अंधारात कुणी वाचत नाही. आता १५ लिटरच्या पंपात डेल्टामेथ्रिन ३० मिली टाकायला हवं होतं, आणि टोपणाने मोजून १० मिली गेलं. द्रावण झालं ८.३ पीपीएम, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या एक तृतीयांश. गोचीड वाचली यात नवल काय? आणि असं वर्षानुवर्षं होत राहिलं, तर ज्या गोचिडांमध्ये थोडीफार सहनशक्ती आहे त्याच मागे उरतात आणि पुढची पिढी त्यांची होते. चुकीची मात्रा हे रेझिस्टन्सला पर्यायी स्पष्टीकरण आहे आणि कालांतराने त्याचं कारणही. म्हणून प्रश्नावलीत "कोणतं औषध वापरता?" एवढंच विचारून भागत नाही. टोपण किती मिलीचं आहे ते स्वतः मोजा. द्रावण गाईच्या पाठीवरून नुसतं फिरवलं की कानाच्या आत, गळ्याखालच्या पोळीला, कासेला आणि शेपटीखालीही लावलं, तेही विचारा. गोचिडी नेमक्या तिथेच बसलेल्या असतात.

ही कारणं बाजूला काढण्यासाठीच प्रयोगशाळेतली चाचणी असते. तिथे मात्रा तुमच्या हातात, संपर्काचा वेळ तुमच्या हातात, आणि नव्याने चढणारी पिल्लं नाहीत. मग जो फरक उरतो तो गोचिडीतला.

दोन चाचण्या सर्रास वापरतात. प्रौढ मादी बुडवण्याच्या चाचणीत, म्हणजे अडल्ट इमर्शन टेस्टमध्ये, फुगलेल्या माद्या वजन करून औषधाच्या द्रावणात बुडवतात, टिपून पेट्री डिशमध्ये ठेवतात, आणि त्यांनी घातलेल्या अंड्यांचं वजन करतात. मादी जिवंत दिसते पण अंडीच घालत नाही, असंही होतं, म्हणून फक्त मेल्या-जगल्याचा आकडा अपुरा. निकाल साधारण दोन आठवड्यांत मिळतो. कटकट एकच: द्रावणात किती वेळ बुडवायचं हे प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळं, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरमधल्या आकड्याशी आपला आकडा लावताना आधी ती वेळ तपासा.

दुसरी लार्व्हल पॅकेट टेस्ट. स्टोन आणि हेडॉक यांनी १९६२ साली मांडलेली ही पद्धत पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेने स्वीकारली. औषध लावलेल्या फिल्टर पेपरची पुडी करायची, त्यात दोन-तीन आठवड्यांचे साधारण शंभर लार्वा सोडायचे, कडा क्लिपने बंद करायच्या, आणि २४ तासांनी मेलेले-जगलेले मोजायचे. मादी अंडी घालणार, अंडी फुटणार, लार्वा वाढणार, यात जवळपास सहा आठवडे जातात. पहिल्या सहामाहीच्या वेळापत्रकात हे सहा आठवडे धरायला विसरू नका.

प्रत्येक वेळी फक्त द्रावक लावलेली, बिनऔषधाची पुडी हवीच. तिथेही लार्वा मरतातच: आर्द्रता कमी पडली, हात जड पडला, लार्वा म्हातारे होते. कंट्रोलमध्ये १० टक्के मेले आणि औषधाच्या पुडीत ५५ टक्के, तर अ‍ॅबटच्या १९२५च्या सूत्राने खरा परिणाम (५५ − १०) ÷ (१०० − १०), म्हणजे ५० टक्के. कंट्रोलमधलीच मर २० टक्क्यांच्या वर गेली, तर दुरुस्ती करत बसू नका, चाचणी पुन्हा करा.

मग वेगवेगळ्या मात्रांचे आकडे घेऊन प्रोबिटने एलसी५० काढतात आणि तो औषधाला बळी पडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या वंशाच्या एलसी५०ने भागतात. हा रेझिस्टन्स रेशो. पण रेषेचा चढही बघा. चढ सपाट असेल तर बहुधा गोठ्यात दोन्ही तऱ्हेच्या गोचिडी मिसळलेल्या आहेत, आणि ही माहिती रेशोच्या एका आकड्यात दडून जाते.

तुमचा एन किती?

व्हायव्हात हमखास अडवणारा प्रश्न. एका मोठ्या गोठ्यातून ३०० माद्या आणल्या, म्हणून एन ३०० होत नाही. त्या गोठ्यात वर्षानुवर्षं एकच औषध, एकाच हाताने मारलेलं आहे, आणि त्या गोचिडी एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. रेझिस्टन्सबद्दल त्या गोठ्याचं म्हणणं एकच, तुम्ही ते ३०० वेळा ऐकलंत. तालुक्याबद्दल बोलायचं असेल तर वीस गोठ्यांतून पंधरा-पंधरा माद्या कितीतरी बऱ्या, आणि विश्लेषणात एकक गोठा ठेवायचा. हर्लबर्ट यांनी १९८४ साली याला स्यूडोरेप्लिकेशन म्हटलं, आणि अजूनही प्रबंधांमध्ये ते मुबलक सापडतं.

त्यात गोचिडी कळपात सारख्या वाटलेल्या नसतात. थोड्याच जनावरांवर बहुतेक गोचिडी असतात. म्हणून सरासरीवर विसंबू नका. मायक्रोप्लस मोजताना एक जुनी युक्ती अजून चालते: गाईच्या एकाच बाजूच्या ४.५ ते ८ मिलिमीटर लांबीच्या माद्या मोजायच्या आणि दुप्पट करायच्या. या आकाराच्या माद्या पुढच्या दिवसभरात गळायच्या असतात, त्यामुळे आकडा एका ठराविक वयोगटाचा मिळतो, लहानमोठं सगळं एकत्र मोजल्यासारखा गोंधळ होत नाही.

कारणं वेगळी करण्याचा उत्तम नमुना हवा असेल, तर स्मिथ आणि किलबोर्न यांचं १८९३चं काम वाचा. अमेरिकेत दक्षिणेकडची धडधाकट दिसणारी गुरं उत्तरेत आली की उत्तरेतली गुरं तापाने आणि लाल लघवीने मरायची. दोष गुरांचा, कुरणाचा की गोचिडांचा? त्यांनी गोचिडांसह दक्षिणी गुरं उत्तरेच्या गुरांसोबत ठेवली. दुसऱ्या कुंपणात गोचिडी वेचून काढलेली दक्षिणी गुरं ठेवली. आणि तिसरीकडे दक्षिणी गुरं न आणता नुसत्या गोचिडी कुरणात सोडल्या. आजार पहिल्या आणि तिसऱ्या ठिकाणी आला, दुसऱ्यात नाही. ना प्रोबिट, ना पीसीआर, तीन कुंपणांत उत्तर मिळालं.

नमुने घ्यायला निघताना नुकतीच फवारणी झालेली जनावरं टाळा. त्यांच्यावरच्या माद्या आधीच निवडून उरलेल्या असतात, शिवाय औषधाने अर्धमेल्या असू शकतात, त्यामुळे निकाल कुठल्या दिशेला झुकेल सांगता येत नाही. संस्थेच्या प्राणी नीती समितीची आणि पशुपालकाची परवानगी आधी घ्या. जिवंत माद्यांसाठी नळीच्या झाकणाला बारीक भोकं पाडा. हातमोजे घाला, हायलोमातून क्रिमियन-काँगो ताप माणसाला होऊ शकतो, गुजरातेत २०११ साली त्याचे रुग्ण सापडले होते. आणि अल्कोहोलच्या नळीतलं लेबल शिसपेन्सिलीने लिहा, पेनाची शाई विरघळते.