धार-देवासची मराठी : संगणकावरचं पाव शतक

महाराष्ट्रातल्या मराठीमागे सरकार आहे, शाळा आहेत, वर्तमानपत्रं आहेत. धार आणि देवासच्या मराठीमागे फक्त घरं आहेत. मराठा सरदार पवारांबरोबर ही भाषा माळव्यात आली, दरबारात रुळली आणि १९४८मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाल्यावर दफ्तरातून उठून घरात, गणेशोत्सवात आणि मंडळांच्या स्मरणिकांत येऊन राहिली. गेलं पाव शतक मी हाच ऐवज एका संकेतस्थळावर आणतो आहे : स्मरणिका, वंशावळी, लग्नपत्रिका, संस्थानी काळाच्या आठवणी. पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. या काळाचा हिशेब मांडताना एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते : जिच्या पाठीशी राज्य आणि बाजार नाही, त्या भाषेला खुल्या मानकांची गरज सगळ्यांत जास्त असते.

नव्वदच्या दशकात देवनागरी संगणकावर आली होती, पण प्रत्येक घरची चूल वेगळी होती. १९९१मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली ठरवून दिली. छापखान्यांत मात्र चलती होती ती ज्याच्या त्याच्या फाँटची. रोमन ‘डी’च्या जागी एकाने ‘क’ बसवलेला, दुसऱ्याने भलतंच काही. पडद्यावर मराठी दिसे. फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांची गिचमीड असे. फाँट हरवला की मजकूरही हरवला. त्या वर्षांतल्या कितीतरी स्मरणिकांच्या छापील प्रती आज घराघरांत आहेत, फ्लॉपीवरच्या प्रती मात्र कुणालाच वाचता येत नाहीत. संकेतस्थळ सुरू केलं तेव्हा पहिल्या पानावर ‘आधी हा फाँट उतरवून घ्या’ अशी सूचना लिहावी लागे. पुष्कळ वाचक तिथूनच परत फिरत.

युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या खुल्या मानकाची पहिली आवृत्ती १९९१मध्येच आली होती. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरून घेतलेली. पण सामान्य माणसाच्या संगणकावर ती पोचली विंडोज २००० आणि एक्सपीनंतर. एक्सपीतही सीडी घालून भारतीय लिप्यांची सोय वेगळी सुरू करावी लागे. २००३मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणायचं मी मनावर घेतलं.

ते काम नुसत्या अदलाबदलीचं नव्हतं. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये जसं दिसतं तसं टंकलेलं : आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘न’, रफार अक्षर लिहून झाल्यावर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम : ‘न’नंतर वेलांटी, ‘म’च्या आधी ‘र्’. प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी ठेवणारा प्रोग्राम लिहावा लागला. एकदा मजकूर तिकडे गेला की मात्र तो कुठल्याही संगणकावर, पुढे मोबाइलवर, कुणाला न विचारता उघडू लागला.

मानक झालं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. ‘दऱ्या’तला अर्धा ‘ऱ’ दोन रीतींनी लिहिता येतो : खालच्या टिंबाच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र्’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चं तसंच. त्याला स्वतंत्र जागा २००८मध्ये ५.१ आवृत्तीत मिळाली. त्याआधी ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवलेलं. जुन्या पद्धतीने लिहिलेला शब्द नव्या पद्धतीने शोधणाऱ्याला सापडत नाही, म्हणून शोधाआधी दोन्ही रूपं एक करून घ्यावी लागतात. मानक खुलं असल्याने या गोष्टी छापून सर्वांसमोर आहेत. बंद फाँटचं कोष्टक पाहायला कुणी दिलं असतं?

अक्षरांचं कोष्टक चारचौघांत मांडण्याची रीत धारला नवी नाही. तिथे भोजशाळेत मध्ययुगीन सर्पबंध शिलालेख आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले आहेत, येईल त्याने वाचावेत असे. मोडीही अशीच कुणा एकाच्या मालकीची नव्हती. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली, दरबार दोन, कारभार दोन; तरी एका पातीच्या मोडी जाणणाऱ्या कारकुनाला दुसऱ्या पातीचा जुना कागद वाचायला कुणाचा परवाना लागत नव्हता. आज कागद आहेत आणि वाचणारे मोजकेच उरले आहेत. २०१४मध्ये सातव्या आवृत्तीत मोडी युनिकोडमध्ये आली, पण लिपीला जागा मिळणं वेगळं आणि तिला वाचक मिळणं वेगळं. मानक वापरात राहिलं तरच जगतं, हे मोडीने आपल्याला शिकवलं आहे.

संकेतस्थळाचा अनुभवही याच वाटेने जातो. १९९३मध्ये सर्न या संस्थेने वर्ल्ड वाइड वेब सर्वांना विनामूल्य खुलं केलं. साध्या एचटीएमएलमध्ये तेव्हा लिहिलेली पानं आजचे ब्राउझर बिनतक्रार दाखवतात. याच काळात मोठमोठे मुक्काम उठले : जिओसिटीज २००९मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४मध्ये. आता मंडळांच्या गप्पा, आठवणी, जुने फोटो सगळं व्हॉट्सॲपच्या गटांत आहे. तिथे शोधायला पत्ता नाही आणि फोन बदलला की मागचं हाती लागेलच असं नाही. तिथली माया खरी आहे, पण ते दफ्तर नव्हे.

म्हणून धार-देवासच्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. पुढची स्मरणिका निघेल तेव्हा छापखान्याकडून नुसती पीडीएफ घेऊ नका, युनिकोडमधला मजकूर मागून घ्या. मंडळाच्या नावाचं डोमेन मंडळाकडेच ठेवा. पानावर भाषा मराठी आहे अशी खूण करा, म्हणजे फाँटमध्ये सोय असेल तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतील. एक प्रत इंदूरला, एक पुण्याला, एक परदेशातल्या लेकीकडे राहू द्या. आणि घरातल्या एका तरी मुलाला मोडी शिकवा. एवढं झालं, तर आपल्याच पूर्वजांचं लिहिलेलं वाचण्यासाठी पुढच्या पिढीला कुठल्या कंपनीच्या दाराशी उभं राहावं लागणार नाही.