कड्याच्या परिसरातील वन्यजीव आणि नाथस्थाने

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील कडा हे गाव बालाघाटाच्या पायथ्याजवळच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात, म्हणजे डोंगररांगांमुळे पाऊस अडून कमी पडणाऱ्या पट्ट्यात येते; त्यामुळे येथील वन्यजीवन घनदाट अरण्यातले नसून माळरानाचे आहे, आणि त्याचे मोल अरण्यापेक्षा कमी मानणे चुकीचे ठरेल. शेजारच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये खास काळविटांसाठी घोषित झाले असून त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. प्रौढ नराची पाठ काळसर, पोट पांढरे, डोळ्यांभोवती पांढरे कडे आणि शिंगे मळसूत्रासारखी पिळदार असतात, तर मादी पिवळसर तपकिरी व बहुधा बिनशिंगी असते. गवतात एकाच जागी साचलेले लेंड्यांचे ढीग ही नराने आखलेल्या हद्दीची खूण होय. मोरांसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेले नायगाव मयूर अभयारण्य पाटोदा तालुक्यात आहे. पावसाळ्यानंतर मोराचा पिसारा गळून पडत असल्याने तेथे पावसाच्या प्रारंभी जाणे इष्ट.

याच डोंगराळ भागात नाथ संप्रदायाची, म्हणजे योगसाधनेला प्राधान्य देणाऱ्या शैव परंपरेची, महत्त्वाची स्थाने आहेत. सावरगावजवळील मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची, तर पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची समाधी असून, मढीच्या फाल्गुनातील यात्रेला भटक्या समाजांचे लोक दूरदूरहून येतात आणि तेथील गाढवांचा बाजार विशेष प्रसिद्ध आहे.