तेलाचा तवंग आणि दर्यावरची रोजी

लोणी भापकरसारख्या बारामतीच्या जिरायती गावात समुद्र फार लांबचा वाटतो. पण आठवडे बाजारातली सुकट, बोंबील येतात किनाऱ्यावरूनच. रत्नागिरीकडच्या दालदी मुस्लिम घरांची तर पिढ्यान्‌पिढ्या रोजी दर्यावर. त्या दर्यात तेल सांडले की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे आदळली. चित्रा कलंडले. त्यावर सुमारे बाराशे कंटेनर होते, काहींत कीटकनाशके. इंधनाच्या टाक्यांतून अंदाजे ८०० टन तेल सांडले आणि तवंग उरण, अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत गेला. पावसाळी मासेमारी बंदी संपत आली होती, रमजान तोंडावर होता, आणि गिऱ्हाइकाने मासळीकडे पाठ फिरवली. होड्या तयार, पण मासळी विकायची कोणाला?

सर्वांत मोठा मार बसतो तिवरांना. त्यांची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांवर जाड इंधनतेल बसले की ती गुदमरतात. वाळूवरचे तेल फावड्याने तरी उचलता येते. तिवरांत सफाईला माणसे घुसली, तर तेच तेल पायांनी आणखी खोल तुडवले जाते. म्हणून ते किनाऱ्याला लागण्याआधी अडवणे हेच खरे काम. त्यासाठी बूम नावाचे तरंगते अडसर लावतात, पण पावसाळी लाटा त्यांवरून सहज उड्या मारतात. रसायन फवारून तेल विखुरता येते. मात्र उथळ खाडीत तसे करणे म्हणजे ते माशांच्या पिलांपर्यंत पोहोचवणे. राष्ट्रीय आराखड्यानुसार समुद्रातल्या कामाची सूत्रे तटरक्षक दलाकडे असतात, किनाऱ्याची सफाई राज्याकडे.

वर्षभरातच, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ६०,००० टन कोळसा घेऊन निघालेले ‘राक कॅरियर’ मुंबईजवळ बुडाले. हरित लवादाने जहाज कंपन्यांना १०० कोटींची भरपाई ठोठावली, तीही २०१६ मध्ये!

भरपाई मागताना पुरावा लागतो, आणि लहान होडीवाला तिथेच अडतो. मासळी विक्रीच्या पावत्या, डिझेलची बिले, मच्छीमार सोसायटीतल्या नोंदी घरात एका पिशवीत जपाव्यात. तेल माखलेल्या जाळ्याचा फोटो तारखेसह काढावा. समुद्रात तवंग दिसताच तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे.