शासकीय कार्यालयांतील दूरस्थ कामकाज

शासकीय कर्मचाऱ्याने कार्यालयात उपस्थित न राहता संगणक व आंतरजालाच्या साहाय्याने घरून किंवा अन्य ठिकाणाहून नेमून दिलेले काम करणे, यास दूरस्थ कामकाज म्हणतात. व्यवहारात 'वर्क फ्रॉम होम' हा शब्द रूढ आहे. माहिती तंत्रज्ञान उद्योगात रुळलेली ही पद्धत भारतीय प्रशासनात आणताना येणाऱ्या अडचणी केवळ यंत्रसामग्रीच्या नाहीत; त्या अभिलेख, गोपनीयता, उत्तरदायित्व व जनसंपर्क यांच्याशीही निगडित आहेत.

पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये कोविड-१९च्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि कार्यालयांतील उपस्थिती मर्यादित करावी लागली. मे २०२० मध्ये केंद्र शासनाने यासंबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा अभिप्रायार्थ प्रसृत केला. त्यात वर्षाला १५ दिवस घरून काम करण्याचा पर्याय सुचविला होता.

अभिलेख

शासकीय निर्णय नस्तीवर होतात. मंत्रालयात सहायक कक्ष अधिकाऱ्याची टिपणी कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर जाते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'ई-ऑफिस' प्रणालीमुळे हा प्रवास संगणकावर शक्य झाला. तथापि, जुने संदर्भ कागदावरच असतील, तर ते पाहण्यासाठी अभिलेख कक्षातच जावे लागते. कागदी नस्त्याही सुरक्षित असतातच असे नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य कागदपत्रे नष्ट झाली.

गोपनीयता

शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ कर्मचाऱ्यास घरीही लागू असतो. घरातील सामाईक संगणक किंवा असुरक्षित जोडणी यांमुळे माहिती फुटण्याचा धोका वाढतो. म्हणून उपरोक्त मसुद्यात वर्गीकृत कागदपत्रे घरून हाताळू नयेत, असे म्हटले होते.

उत्तरदायित्व व समानता

हजेरीपटावरून उपस्थिती कळते, कामाचा दर्जा कळत नाही. घरून काम करताना हजेरीपटाऐवजी निकाली प्रकरणे मोजावी लागतात. परंतु सोपी व गुंतागुंतीची प्रकरणे सारखी मोजली, तर अवघड काम मागे पडते. शिपाई, वाहनचालक, परिचारिका, पोलीस यांना हा पर्याय जवळजवळ नसतो. लहान घर, अपुरा वीजपुरवठा व स्वतंत्र संगणकाचा अभाव यांचा भार कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर अधिक पडतो.

जनसंपर्क

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क आहे. कर्मचारी घरी असला म्हणून ही मुदत वाढत नाही. ऑनलाइन अर्ज करता न येणारा वृद्ध निवृत्तिवेतनधारक किंवा दाखल्यासाठी तालुक्यास आलेला शेतकरी यांच्यासाठी खिडकीवरील कर्मचारी हेच शासन असते. त्यामुळे टिपणीलेखन, मसुदा तयार करणे, हिशेब तपासणी ही कामे दूरस्थ पद्धतीस अनुकूल ठरतात. स्थळपाहणी, प्रत्यक्ष सुनावणी व खिडकीवरील सेवा यांसाठी उपस्थिती आवश्यक राहते.