शाळेत तास ठेवला म्हणजे भाषा वाचली?

घरातली भाषा मुलांपर्यंत पोचत नाही, ही तक्रार आता न्यू जर्सी-सिंगापूरच्या मराठी घरांपुरती राहिलेली नाही. ठाण्या-पुण्यातही ऐकू येते. त्यावरचे उपाय मात्र बहुतेक वेळा ऐकीव समजुतींवर बेतलेले असतात. ज्यांची भाषा खरोखरच काठाशी आली होती, त्यांच्या अनुभवावर या समजुती घासून पाहिलेल्या बऱ्या.

गैरसमज : शाळेत सक्ती केली की भाषा टिकते.

आयर्लंडने हा प्रयोग शंभर वर्षं केला. १९२२ मध्ये सत्ता हाती येताच तिथल्या सरकारने आयरिश भाषा शाळाशाळांत आणली आणि पिढ्यानपिढ्या मुलं तिची परीक्षा देत आली. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असं सांगितलं. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे किती? ७१,९६८. म्हणजे येणाऱ्यांपैकी शेकडा चारसुद्धा नाहीत. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. तो हवाच होता. पण त्याच्या भरवशावर आईबाबा घरात ‘ईट फास्ट, बस येईल’ म्हणू लागले, तर मराठीचा भूगोलाइतकाच एक विषय होईल, आणि सुट्टी लागली की भूगोल कोण आठवतो?

गैरसमज : घरची भाषा बाजूला ठेवली तरच इंग्रजी पक्की होते.

या समजुतीची सर्वांत मोठी किंमत न्यूझीलंडच्या माओरींनी मोजली. १८६७ च्या कायद्याने त्यांच्या मुलांच्या शाळा इंग्रजी केल्या आणि पुढे शाळेत माओरी बोलणाऱ्याला छड्या बसू लागल्या. तरीही १९१३ मध्ये शेकडा ९० माओरी शाळकरी मुलांना आपली भाषा येत होती, कारण घर माओरीच होतं. १९५३ मध्ये हे प्रमाण २६ वर आलं, १९७५ मध्ये पाचाच्याही खाली. कुटुंबं खेड्यांतून शहरांत आली आणि मुलांचं भलं व्हावं म्हणून आईबापांनीच घरात इंग्रजी आणली. छडीने जे साधलं नव्हतं ते मायेने साधलं.

खरं तर मूल दोन भाषा लहानपणीच वेगळ्या ओळखतं. ते मराठी वाक्यात इंग्रजी शब्द घालतं, तसे आपणही घालतोच. एकेका भाषेतले शब्द सुरुवातीला कमी भरतील, पण दोन्हींची बेरीज केली तर मूल मागे नसतं. बोलायला खरंच उशीर होत असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो. घरची भाषा बंद केल्याने तो दूर होत नाही.

गैरसमज : भाषा जगवायला आधी प्रशिक्षित शिक्षक, पुस्तकं आणि सरकारी मान्यता लागते.

१९८२ मध्ये वेलिंग्टनजवळच्या वेनुइओमाता इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं तेव्हा मुख्य भांडवल होतं : भाषा येणारे आजी-आजोबा. पाच वर्षांखालची मुलं दिवसभर त्यांच्याजवळ. खाणं, झोपवणं, दटावणं, गाणी, सगळं माओरीत. उंबऱ्याच्या आत इंग्रजी नाही. १९९३ पर्यंत अशी आठशेहून जास्त घरटी झाली आणि त्यांत चौदा हजारांवर मुलं होती. ती पाच वर्षांची होऊन इंग्रजी शाळेत गेली की भाषा विसरू लागली, म्हणून १९८५ मध्ये ऑकलंडच्या पालकांनी सरकारी पैशांविना माओरी माध्यमाची शाळाच काढली. माओरीला अधिकृत भाषा ठरवणारा कायदा आला तो १९८७ मध्ये, घरटी सुरू झाल्यानंतर पाच वर्षांनी.

मधल्या पिढीचं काय? आजीला येते, नातवाला येते, आईलाच येत नाही. अशा मोठ्यांसाठी कातेरीना मताइरा आणि न्गोई पेफाइरांगी या दोघींनी १९७९ मध्ये ‘ते आतारांगी’ चळवळ उभी केली होती. लोक घोळक्याने बसत. मधोमध रंगीत लाकडी कांड्या. शिकवणारी म्हणे, लाल कांडी घे, पिवळीवर ठेव, शेजाऱ्याला दे. वही नाही, व्याकरण नाही. नियम साधे : इंग्रजी बोलायचं नाही, अडलेल्याला उत्तर सुचवायचं नाही, एका वेळी एकानेच बोलायचं. मला यातला दुसरा नियम फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे मूल अडखळलं की चार काका एकदम शब्द पुरवतात, वर हसतातही.

ही विजयगाथा नाही. १९९३ नंतर घरट्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. भाषेचं काम एकदा करून संपत नाही.

गैरसमज : लिपी नाही, म्हणून ती नुसती बोली.

गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाख ८४ हजार होते. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तिच्यासाठी १९१८ मध्ये लिपीही तयार केली. तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. मराठीच्या हक्कासाठी भांडणाऱ्यांनी आपल्याच राज्यातली ही शाळाही आपली मानायला हवी.

गैरसमज : शेवटचा बोलणारा गेला की भाषा संपली.

मांक्स ही आइल ऑफ मॅनची भाषा. ती जन्मापासून बोलणारे शेवटचे मानले जाणारे नेड मॅड्रेल १९७४ मध्ये वारले. पण त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं होतं आणि हौशी लोक ती शिकत होते. २००१ मध्ये मांक्स माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. २००९ मध्ये युनेस्कोने भाषा नामशेष ठरवली, तेव्हा शाळेतल्या मुलांनी मांक्समध्ये पत्र लिहून विचारलं, मग आम्ही हे कोणत्या भाषेत लिहितोय? युनेस्कोने नोंद बदलली.

गैरसमज : मूल इंग्रजीतच उत्तर देतं, म्हणजे सगळं फुकट गेलं.

फुकट जात नाही. उत्तर देतं म्हणजे त्याला कळलेलं असतं, आणि कळणारी भाषा गरज पडली की बोलताही येऊ शकते. तेव्हा ती गरज निर्माण करा. इंग्रजी न येणाऱ्या आजीशी नातवाचा फोन रोज जोडून द्या आणि मध्ये दुभाषा बनू नका. शब्द चुकला तर हसू नका. त्याने इंग्रजीत उत्तर दिलं तरी तुमचं पुढचं वाक्य मराठीतच असू द्या.